उसवमावशींची फरशी

त्यांना समोर सगळे नुसतं 'मावशी' म्हणायचे आणि पाठ वळली की 'उसवमावशी'. हे दुसरं नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. उलट मनातून त्यांना ते आवडायचं, पण तसं कबूल करतील तर त्या मावशी कसल्या!

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आणि खिडकीत ओळीनं टांगलेले लोकांचे कोट, पँटी, शाळेचे गणवेश. नवीन कपडे त्या फारसे शिवत नसत. दुसऱ्यांनी बिघडवलेलं निस्तरायचं, हे त्यांचं काम. त्याची त्यांची एकच रीत होती. कपडा हातात आला की गिऱ्हाईक समोर उभं असतानाच त्या तो उलटा करायच्या, शिवण चिमटीत धरायच्या आणि चर्रकन उसवून टाकायच्या. गिऱ्हाईकाच्या काळजात धस्स! "अहो मावशी, वरून एक टीप मारली असती तरी भागलं असतं की!" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "वरून टीप मारायला माझ्याकडे कशाला आलात? तेवढं तुम्हालाही जमतं."

बरं, दुसऱ्याचंच उसवायच्या आणि स्वतःचं झाकून ठेवायच्या, असंही नाही. आपल्या हातून वाकडं गेलं तर तेही गिऱ्हाईकासमोरच उसवायचं. "हे मी चुकवलंय," असं मोठ्यांदा सांगायचं आणि कात्री लावायची. "लाज कसली त्यात? धागाच तो. निघतो," म्हणायच्या.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना सगळे काका म्हणत. काकांची नजर हळूहळू गेली, आणि शेवटी उजेड-अंधाराइतकाही फरक कळेना. आधी ते चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात कामाला होते. कप गुंडाळायच्या आधी प्रत्येकाला टिचकी मारायचे आणि आवाजावरून सांगायचे, याला तडा आहे, बाजूला ठेवा. डोळे गेल्यावर दुकान सुटलं, पण काका घरात बसून राहिले नाहीत. अनवाणी घरभर फिरायचे. कुणाला वाटेल पावलं मोजत असतील. छे! काका तळव्यांनी घर ओळखायचे. स्वयंपाकघराच्या दाराशी झिजलेला उंबरा, खिडकीखाली गारेगार पट्टा, मशीनजवळ टवका उडालेली फरशी. सकाळचा चहा तेच करायचे. दार वाजलं की उठून तेच उघडायचे, आणि येणाऱ्याच्या चपलांच्या आवाजावरून नाव घेऊन 'या' म्हणायचे. नवखं गिऱ्हाईक बिचकायचं. काका खूश व्हायचे.

आता शिवणकामाचं घर म्हटलं की टाचण्या सांडणारच. म्हणून रोज संध्याकाळी काम आवरलं की मावशी एक काम न चुकता करायच्या. सुतळीला बांधलेलं जुनं लोहचुंबक घ्यायचं आणि वाकून सगळ्या खोलीतून फिरवायचं. टाचण्या, सुया, हुक, सगळं त्याला चिकटून यायचं. नवऱ्याच्या तळव्याला टाचणी लागता कामा नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण काका गप्प बसतील तर शपथ! "झाली का मासेमारी? आज काय लागलं गळाला?" असं रोज विचारायचे, आणि मावशी रोज "तुमचं डोकं!" म्हणायच्या. असा या दोघांचा संसार. कुणी दृष्ट लावावी असा नव्हता, पण छान चालला होता.

मग लेकाच्या मनात आलं.

लेक आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. लेकाला सारखी धास्ती, बाबा त्या उंबऱ्याला अडखळून पडतील. सुनेचा मामा फरशीकामाचा ठेकेदार. भाचीचे वडील लवकर गेले, तेव्हापासून या मामानंच तिला वाढवलेलं. "आई-बाबांना थोडे दिवस तुमच्या ताईकडे पाठवा, येतील तोवर घर असं चकाचक करून ठेवतो की बघत राहतील," असं म्हणून त्यांनी काम अंगावर घेतलं. कुणाच्या पोटात पाप नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. सगळं प्रेमापोटी चाललं होतं, आणि प्रेमापोटी केलेल्या कामाला नावं ठेवणं किती अवघड असतं ते पुढे दिसेलच.

दोघं लेकीकडून परत आली तर घर ओळखू येईना. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकसारखी पांढरीशुभ्र, गुळगुळीत फरशी. उंबरे सगळे काढून टाकलेले. "आता बाबा डोळे मिटून फिरतील!" असं सून म्हणाली आणि मग आपण काय बोललो हे कळून तिनं जीभ चावली. काका हसले. चपला काढून आत आले.

थोडं चालले असतील नसतील, अंगठ्याला एक कड लागली. एक फरशी शेजारच्या फरशीपेक्षा जरा वर बसली होती, अगदी जरा. डोळस माणसाच्या लक्षातही आलं नसतं. काकांना वाटलं, आला स्वयंपाकघराचा उंबरा. ते सवयीनं उजवीकडे वळले आणि कपाटाच्या कोपऱ्यावर कपाळ आदळलं. भुवई फुटली.

"नवीन आहे, सवय होईल," असं सगळे म्हणाले. काकासुद्धा म्हणाले. दुसऱ्या दिवशी चहाचे कप घेऊन येताना पुन्हा तेच झालं. खोलीच्या मधोमध कड लागली, त्यांना वाटलं मशीन आलं, त्यांनी कप खाली ठेवायला हात पुढे केले आणि चहा सगळा पायावर. नंतर एकदा न्हाणीघराबाहेरच्या थारोळ्यावरून घसरले. तिथला ढाळच उलटा पडला होता, पाणी मोरीकडे जायचं सोडून खोलीत यायचं. खऱ्या खुणा सगळ्या गेल्या होत्या, आणि जिथं नकोत तिथं खोट्या उगवल्या होत्या.

मग एके सकाळी काका खुर्चीतूनच म्हणाले, "अगं, चहा आजपासून तूच करत जा."

मावशींनी चहा केला. दुपारी दार वाजलं. काका उठले नाहीत. मान थोडी दाराकडे वळली, हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला, आणि बसूनच राहिले. मावशींनी मशीन थांबवून स्वतः दार उघडलं. त्या दिवशी त्यांच्या हातून एक बाही दोनदा चुकली.

संध्याकाळी त्यांनी सवयीनं लोहचुंबक हातात घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. काकांचे पाय जाड चपलांत होते. खुर्ची ते पलंग एवढंच जाणं, तेही मावशींच्या खांद्याला धरून. कुणासाठी फिरवायचं ते? त्यांनी ते खणात टाकलं आणि खण बंद केला. मावशी रडणाऱ्यांतल्या नव्हेत, पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, तोंडाला टॉवेल लावून, कारण त्या माणसाचे कान फार तिखट. बसलेलं माणूस बसूनच जातं, हे त्यांनी आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. नवरा त्यांना तसा जाऊ द्यायचा नव्हता.

डोळे पुसले आणि त्या जमिनीवर बसल्या. कापडावरून फिरवावा तसा तळहात फरशीवरून फिरवला. कड. पुन्हा कड. इथे खोलगट, तिथे फुगलेलं. "हे काम आहे की चेष्टा?" असं त्या मोठ्यांदा म्हणाल्या आणि लेकाला फोन लावला.

लेक म्हणाला, "आई, थोडं उन्नीस-बीस असणारच. मामा घरचे आहेत गं. त्यांना कोण बोलणार?" सुनेनं फोन हातात घेतला, तिचा आवाज रडवेला. "आई, मामा दुखावला तर मी कोणत्या तोंडानं माहेरी जाऊ? त्यानं काय केलं नाही माझ्यासाठी?" हेही खरंच होतं. पोरगी गुणाची, तिला पेचात टाकायचं मावशींच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी मामांना स्वतःच फोन केला, अगदी गोड आवाजात. मामांचा आवाज त्याहून गोड. "विहीणबाई, नवी फरशी आहे, पाय सरावायला वेळ लागतो. अगदीच वाटलं तर एखादा गालिचा टाका वरून. काही दिसणार नाही."

वरून! मावशींना कुणी थप्पड मारली असती तरी चाललं असतं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना ओळखणाऱ्या माणसानं ते 'बरं' ऐकलं असतं तर गाव सोडलं असतं.

सकाळी त्यांनी कपड्यावर खुणा करायचा निळा खडू घेतला, मोठी कात्री घेतली, आणि कात्रीच्या मुठीनं फरशी ठोकत बसल्या. टक, टक. सगळं सारखंच वाटत होतं.

"अहो, जरा कान द्या ना इकडे. हिच्याखाली सिमेंटचा माल भरलाय का नाही?"

"मला काय विचारतेस? मी काय मिस्त्री आहे?" खुर्चीतून तुसडं उत्तर आलं.

मावशी ठोकत राहिल्या. टक. टक. टक. भांड्यांच्या दुकानात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे सोसणार कसं? थोड्या वेळानं काका म्हणाले, "ही पोकळ आहे." मावशींनी गुपचूप फुली मारली. "ही बरी. ही पोकळ. हिच्या कोपऱ्यात माल आहे, मधे काहीच नाही. अगं, मधे ठोक, मधे!" मावशी ठोकत ठोकत सरकत गेल्या, पार आतल्या खोलीत. तिथून त्यांनी मुद्दाम हळू ठोकायला सुरुवात केली.

"ऐकू येत नाही! नीट ठोक!"

"माझे हात दुखले. एवढं आहे तर तुम्हीच या."

मग खुर्ची करकरली. काकांनी चपला काढल्या, खाली बसले, आणि तान्ह्या पोरासारखे हातापायांवर रांगत आतल्या खोलीत आले. एका हातात त्यांनी चमचा घेतला होता. "कात्रीनं कधी कळतं का? बाजूला हो," म्हणाले.

दिवसभर म्हातारा-म्हातारी घरभर रांगत होती. एक टिचक्या मारतोय, दुसरी फुल्या मारतेय, आणि मधूनच भांडतायत. बाहेरून कुणी बघितलं असतं तर दोघांच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून लेकाला कळवलं असतं. संध्याकाळपर्यंत ती पांढरीशुभ्र फरशी निळ्या फुल्यांनी भरून गेली. गुडघे सोलवटले होते, पण काकांनी कितीतरी दिवसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मावशींनी रविवारी सगळ्यांना चहाला बोलावलं. लेक, सून, मामा. मामा दारातच थबकले. "हा काय तमाशा मांडलाय, विहीणबाई? माझ्या कामावर फुल्या?" सुनेचा चेहरा उतरला. लेक "मामा, तसं नाही हो," असं काहीतरी पुटपुटायला लागला.

"तसंच आहे," मावशी म्हणाल्या. "बसा मामा. आधी चहा घ्या. मग एक विचारते, त्याचं खरं उत्तर द्या."

मामांनी चहा घेतला, पण घोट गिळताना तोंड कडूच होतं.

"पोरांच्या लग्नात तुम्ही घातलेला कोट कुणी शिवला?"

"तुम्हीच."

"लग्नाच्या आदल्या दिवशी तुमची सगळी मंडळी बसली होती. तुम्ही कोट अंगात घातलात. सगळे वा वा म्हणाले. आणि मी काय केलं?"

मामांनी कप खाली ठेवला. मग खरं माणूस होते म्हणून म्हणाले, "तुम्ही म्हणालात, डावी बाही मी वाकडी लावलीय. आणि सगळ्यांसमोर ती उसवलीत. मी नको म्हणत होतो."

"मग बाहेर जाऊन तुमच्या बहिणीला काय सांगितलंत? मला कळलंय ते."

मामांचा आवाज खाली आला. "म्हटलं, असं माणूस सासू म्हणून मिळालं, आता पोरीची काळजी मिटली."

सुनेला हे ठाऊक नव्हतं. तिनं मामाकडे बघितलं, मग सासूकडे, आणि डोळ्यांना हात लावला.

"मला तेव्हा लाज वाटली नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला का वाटावी? मामा, तुमच्या हाताला नावं ठेवत नाही मी. पण या फरशीवर माझा माणूस चालेनासा झालाय. स्वतःच्या घरात. त्याच्यावर मी गालिचा टाकू?"

मामा उठले. बूट काढले, मोजे काढले. अनवाणी खोलीच्या मध्यापर्यंत गेले, अंगठ्याला कड लागली तशी थांबले, पायानंच ती चाचपली. मग काकांच्या खुर्चीशी येऊन उकिडवे बसले. "तुम्ही यायच्या आत उरकायचं होतं. दुसरीकडचंही काम अंगावर होतं. माणसांवर सोपवून गेलो. त्यांनी कोपऱ्यांत मालाचे गोळे ठेवले आणि वर फरशी दाबून मोकळे झाले. मी आलो, वरून चकाकतंय बघितलं आणि खूश झालो. खाली वाकून हात लावला नाही मी. चुकलं माझं."

लेक म्हणाला, "जाऊ द्या मामा, थोडं कुठे कुठे..."

"जाऊ द्या काय?" मामाच त्याच्यावर उखडले. "सगळी उसवायची!"

मावशींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. साखरही जास्त घातली.

पुढचे दिवस घरात धुळीचा नुसता कहर. खिडकीतले कोट शेजारणीकडे गेले, मशीनवर चादर पडली, मावशी आणि काका मागच्या खोलीत पलंगावर बसून राहिली. मामा या वेळी स्वतः गुडघ्यावर बसले. पातळी पाहायची पट्टी त्यांच्या हातातून सुटत नव्हती. फरशी बसून सुकली की काका रांगत जाऊन चमच्यानं वाजवायचे. आवाज भरीव आला की "बोलली," म्हणायचे, आणि मग मामा पुढे सरकायचे. एक फरशी बोलली नाही, तेव्हा मामांनी कुरकुर न करता ती उचकटली. मावशींनी हे दारातून बघितलं आणि त्या दिवसापासून फोनवर 'मामा'च्या जागी 'आमचे मामा' म्हणायला लागल्या.

खुणांचा प्रश्न राहिलाच होता. उंबरे पुन्हा बसवायला लेकाची छाती होईना. मामांनीच युक्ती काढली. मागच्या अंगणात जुन्या फरशीचे आणि उंबऱ्यांचे तुकडे पडले होते. त्यातला उंबऱ्याचा झिजलेला, खरबरीत दगड कापून त्यांनी प्रत्येक दारात एक एक पट्टी बसवली, नव्या फरशीच्या अगदी बरोबरीनं. वर नाही, खाली नाही. पायाला नुसता खरखरीतपणा कळायचा. काकांनी बसल्या जागी हात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हा तर आपला जुना उंबरा. ओळखला मी याला." पण पाय मात्र अजून त्यावर ठेवला नव्हता. ते अजून रांगतच होते. फरशी कितीही सरळ झाली तरी मनातली कड कोण काढणार, या विचारानं मावशींना झोप लागत नव्हती.

काम संपलं. सकाळी मशीन जागेवर आलं, कोट परत आले, तुंबलेल्या कामामुळे मावशी लगेच शिवायला बसल्या. दुपारी लेक, सून, मामा सगळे आले. भिंतीला टेकून उभे राहिले. कशासाठी आलेत ते काकांना कळत होतं. त्यांनी चपला काढल्या. मावशींचा हात पुढे आला, तो त्यांनी हळूच बाजूला केला.

उभे राहिले. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. हात समोर धरलेले, मान जरा तिरकी. दारातली खरबरीत पट्टी लागली तसा चेहरा उजळला. "स्वयंपाकघर," म्हणाले. आत गेले, ओट्याला हात लावून परत फिरले. आता हात खाली आले होते, चाल मोकळी झाली होती. मामा ओठ चावत त्यांच्या पायांकडे बघत होते. काका मशीनजवळून दाराकडे निघाले आणि खोलीच्या मधोमध "आई गं!" करून एका पायावर उभे राहिले.

सगळे जागच्या जागी गार. मामांचा चेहरा पांढराफटक. "कड लागली का? कुठे लागली? दाखवा, आत्ता काढतो," असं म्हणत ते खालीच बसले.

काकांनी तळवा चाचपला, काहीतरी उपटलं आणि चिमटीत धरून वर केलं. टाचणी.

"मामा, तुमची फरशी पास," काका म्हणाले. "नापास झाली ती ही शिंपीण. अगं, लोहचुंबक कुठाय तुझं? किती दिवस झोपा काढतंय ते?"

मावशींना हसू की रडू ते कळेना. एवढी आनंदाची टाचणी त्यांच्या जन्मात सांडली नव्हती. त्यांनी डोळे पुसले नाहीत, सगळ्यांसमोर वाहू दिले, आणि खण उघडला. सुतळीचा गुंता झाला होता, तो सोडवला. मग वाकून लोहचुंबक त्या नव्या फरशीवरून फिरवायला लागल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ते कुठेच अडखळलं नाही.

आणि त्यांच्या मागून काका भिंतीला हात न लावता चालत होते, विचारत होते, "काय गं, काय लागलं गळाला?"